शुक्राणूंना चढणारा गंज

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धानोरा तालुक्यातील चातगावजवळ ‘शोधग्राम’ वसले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेचे हे ठिकाण. गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत या संस्थेने केलेल्या पाहणीचे निष्कर्ष जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, तेव्हा जगभरच्या आरोग्यशास्त्राला धक्का बसला होता. तपासणी झालेल्या 650 स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या 8 टक्के होत्या. ग्रामीण स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा प्रश्न बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडेही आहे, ही गोष्ट या पाहणीने जगापुढे मांडली.

या प्रश्नाची दुसरी बाजू पुरुषाची. ती अजूनही बरीचशी अंधारातच आहे. लग्नानंतर दोन-तीन वर्षांत घरात पाळणा हलला नाही की बोट सुनेकडे वळते. देवधर्म, अंगारे-धुपारे, डॉक्टर, सोनोग्राफी हा सारा प्रवास तिलाच करावा लागतो. ‘वांझ’ हा शब्द मराठीत बाईलाच चिकटला आहे. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते षंढत्वाचे, म्हणजे वेगळ्याच गोष्टीचे. शरीरसंबंधात कोणतीही अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यात शुक्राणू कमी, मंद किंवा सदोष असू शकतात, आणि बाहेरून ते कळण्याचा कोणताही मार्ग नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींपैकी एकीला आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. अशा जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील दोष हे एकमेव किंवा जोडीचे कारण असते. त्या दोषांमागील एक महत्त्वाचे कारण म्हणून गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञ ज्याकडे पाहू लागले आहेत, तो म्हणजे शुक्राणूंवर पडणारा ऑक्सिडीकरणाचा ताण. इंग्रजीतून मराठीत रुळलेला शब्द वापरायचा तर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.

प्राणवायूची दुधारी तलवार

लोखंडाला गंज चढतो, कापून ठेवलेले सफरचंद काळपट पडते, जुने तेल खवट होते. या तिन्हींमागे ऑक्सिडीकरण आहे. शरीरातही ते अखंड चालू असते. पेशी प्राणवायूच्या साह्याने ऊर्जा निर्माण करतात, तेव्हा त्यातील थोडा प्राणवायू अर्धवट क्रिया होऊन अतिशय चंचल अशा रेणूंच्या रूपात निसटतो. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल मूलक ही त्यांची नावे. यांना एकत्रितपणे मुक्त मूलके किंवा फ्री रॅडिकल्स म्हणण्याची पद्धत आहे. शास्त्रीय काटेकोरपणे पाहता हायड्रोजन पेरॉक्साइड हे मूलक नव्हे, पण त्याचा उपद्रव त्याच जातीचा. ही रसायने दिसेल त्या रेणूवर तुटून पडतात. त्यांना आवर घालणारी जी द्रव्ये शरीर स्वतः तयार करते किंवा आहारातून मिळवते, ती प्रतिऑक्सिडीकारके, अर्थात अँटिऑक्सिडंट्स. हल्ला आणि बचाव यांचे पारडे हल्ल्याच्या बाजूला झुकले की ऑक्सिडीकरणाचा ताण निर्माण होतो.

शुक्राणूंच्या बाबतीत हा शोध वाटतो त्याहून जुना आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन मॅक्लिओड यांनी 1943 मध्ये दाखवून दिले की भरपूर प्राणवायूच्या सान्निध्यात ठेवलेले मानवी शुक्राणू हळूहळू निश्चल होतात. त्या द्रावात कॅटलेज हे हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करणारे विकर मिसळले, तर मात्र त्यांची हालचाल टिकून राहते. म्हणजे प्राणवायूपासून बनणारे पेरॉक्साइडच घातक होते. हा निष्कर्ष बराच काळ दुर्लक्षित राहिला. 1979 मध्ये रॉय जोन्स आणि थॅडियस मान यांच्या गटाने शुक्राणूंच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ ऑक्सिडीकरणाने कसे नासतात हे दाखवले. 1987 मध्ये जॉन एटकेन यांनी सदोष शुक्राणू स्वतःच ही उपद्रवी रसायने अधिक प्रमाणात तयार करतात हे सिद्ध केले. तेव्हापासून या विषयाला खरा वेग आला.

शुक्राणूच या माऱ्याला इतका हळवा का, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे. पुरुषाच्या शरीरातील ही सर्वांत सडपातळ पेशी. धावण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूने अंगावरचे जास्तीचे कपडे उतरवावेत, तसा शुक्राणू परिपक्व होताना आपला जवळजवळ सारा पेशीद्रव टाकून देतो. पण इतर पेशींमध्ये बचावाची विकरे याच पेशीद्रवात साठवलेली असतात. त्यामुळे सडपातळ होता होता शुक्राणू आपले चिलखतही उतरवून ठेवतो. नवी विकरे घडवण्याची यंत्रणा त्याच्यात उरलेली नसते. त्यात भर म्हणजे त्याचे आवरण डोकोसाहेक्झिनोइक आम्लासारख्या बहुअसंपृक्त मेदाम्लांनी समृद्ध असते. पोहण्यासाठी आणि अंड्याशी एकरूप होण्यासाठी लागणारी लवचीकता यांच्यामुळेच येते. मात्र जवसाचे तेल उघड्यावर जितक्या लवकर खवट होते तितके तूप होत नाही, त्यामागचेच रसायनशास्त्र येथेही लागू पडते. एक रेणू नासला की तो शेजारच्याला नासवतो आणि साखळी सुरू होते. आवरण कडक होते, शेपटीच्या मुळाशी असलेली ऊर्जाकेंद्रे बिघडतात आणि शुक्राणू जागच्या जागी वळवळत राहतो.

निसर्गाने यावर तोड काढली आहे ती वीर्यद्रवाची. या द्रवात क जीवनसत्त्वाचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या कित्येक पट असते. युरिक आम्ल, जस्त आणि बचावाची विकरेही त्यात असतात. चिलखत उतरवलेल्या सैनिकाला तटबंदीच्या आत ठेवावे तसा हा प्रकार. पण ही तटबंदी शुक्राणूला मिळते ती अगदी शेवटच्या टप्प्यावर, वीर्यस्खलनाच्या वेळी. वृषण आणि अधिवृषण यांतील अडीच-तीन महिन्यांच्या वास्तव्यात त्याला तेथील पेशींच्या आधारावरच निभावून न्यावे लागते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, कारण जाहिरातींत ती हमखास गाळली जाते. ही चंचल रसायने केवळ शत्रू नव्हेत. स्त्रीच्या जननमार्गात पोहोचल्यावर शुक्राणू अंड्याचा वेध घेण्याइतका सक्षम होतो, त्या बदलासाठी अल्प प्रमाणात याच रसायनांची गरज असते. ती पार पुसून टाकली तर शुक्राणू पोहेल, पण फलन करू शकणार नाही.

गुणसूत्रांपर्यंत पोहोचणारी झळ

आवरण नासल्याने शुक्राणू अंड्यापर्यंत पोहोचत नाही, हे एक नुकसान. दुसरे अधिक खोल आहे. ऑक्सिडीकरणाने शुक्राणूच्या डोक्यात घट्ट गुंडाळून ठेवलेला डीएनए डागाळतो आणि काही ठिकाणी तुटतोही. इतर पेशी अशी तुटफूट दुरुस्त करतात. शुक्राणूकडे दुरुस्तीच्या कामाचे पहिले पाऊल टाकणारे एकच विकर उरलेले असते. ते डागाळलेला तुकडा कापून बाजूला काढते आणि पुढचे काम तसेच सोडून देते. ते पुरे होते फलनानंतर, अंड्यात. म्हणजे पुरुषाच्या पेशीतली मोडतोड स्त्रीच्या पेशीला निस्तरावी लागते. तिची ही क्षमता वयानुसार घटते. नुकसान फार असेल तर गर्भ रुजत नाही किंवा गर्भपात होतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतील पुरुषांच्या शुक्राणूंमध्ये तुटलेल्या डीएनएचे प्रमाण अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. ज्या घरात तिसऱ्या गर्भपातानंतरही सुनेचीच पत्रिका तपासली जाते, तेथे ही माहिती पोहोचलेली नसते.

जंगल, खर्रा आणि ताप

हा ताण येतो कोठून? कारणांची यादी लांब आहे. धानोरा आणि एकूणच गडचिरोली-चंद्रपूरच्या वनप्रदेशात त्यातील कोणती कारणे ठळक आहेत, ते पाहणे अधिक उपयोगाचे.

पहिला क्रमांक तंबाखूचा. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. पूर्व विदर्भात या धूरविरहित तंबाखूचे लाडके रूप म्हणजे खर्रा. सुपारीचा चुरा, चुना आणि तंबाखू प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून केलेले हे मिश्रण पानटपरीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, कोठेही मिळते. ओढली तरच तंबाखू वाईट, खाल्ली तर दातांपुरता त्रास, ही समजूत येथे घट्ट आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सुपारीतील द्रव्ये चुन्याच्या संपर्कात आली की त्यातून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात, हे प्रयोगशाळेत 1980 च्या दशकातच दिसून आले होते. म्हणजे खर्रा घोटणे ही शब्दशः ऑक्सिडीकरणाची क्रिया आहे. त्याचा मारा मुख्यतः तोंडाच्या त्वचेवर होतो. तंबाखूतील निकोटिन, कॅडमियम आणि नायट्रोसामाइन्स मात्र रक्तावाटे सर्वत्र पोहोचतात. वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेल्या 638 तंबाखू खाणाऱ्या पुरुषांच्या वीर्याचा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू खाण्याचे प्रमाण जितके अधिक, तितकी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार यांची प्रत खालावलेली, असे त्यात दिसले. गडचिरोलीत 2016 पासून राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि ‘सर्च’ यांनी हाती घेतलेला ‘मुक्तिपथ’ हा दारू आणि तंबाखूविरोधी उपक्रम प्रामुख्याने व्यसनमुक्तीचा आणि कर्करोग टाळण्याचा. त्याचा हा आणखी एक लाभ तरुणांपुढे फारसा मांडला जात नाही. पस्तिशीनंतरच्या कर्करोगापेक्षा पंचविशीतल्या अपत्याची गोष्ट नवविवाहिताला अधिक जवळची वाटेल, असे मानायला जागा आहे.

दुसरे कारण उष्णता. वृषणांचे तापमान शरीराहून दोन ते चार अंश कमी असावे लागते. म्हणूनच ते शरीराबाहेर आहेत. चंद्रपूरचा उन्हाळा देशातील सर्वांत कडक उन्हाळ्यांपैकी एक. मात्र नुसत्या हवामानापेक्षा भट्टीसमोरचे काम, तासन् तास ट्रक किंवा ट्रॅक्टर चालवणे आणि अंगातला ताप ही अधिक थेट कारणे. धानोरा तालुक्यात मलेरिया नवा नाही. कोणत्याही कडक तापानंतर काही आठवडे शुक्राणूंची संख्या आणि प्रत घसरते. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस आणि अधिवृषणातून पुढे सरकायला आणखी दहा-पंधरा दिवस लागतात. त्यामुळे भाद्रपदात आलेल्या मलेरियाचे पडसाद दिवाळीनंतरच्या तपासणीतही उमटू शकतात. असा एक अहवाल पाहून पुरुषाला कायमचा दोषी ठरवणे चुकीचे आहे. तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी.

तिसरे कारण व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगणे. सर्वसाधारण पुरुषांत याचे प्रमाण सुमारे 15 टक्के असते आणि वंध्यत्व असलेल्या पुरुषांत ते पस्तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. साचलेल्या रक्ताने तापमान वाढते आणि ऑक्सिडीकरणाचा ताणही. शस्त्रक्रियेने हा दोष दूर केल्यावर ताण आणि डीएनएची तुटफूट दोन्ही कमी होतात, याला बऱ्यापैकी पुरावा आहे. अशी थेट दुरुस्ती करता येणारी कारणे वंध्यत्वात थोडीच. पूर्व विदर्भात हत्तीरोगामुळे होणारी अंडवृद्धीही आढळते. ती निराळी व्याधी आहे आणि तिच्यामुळे वंध्यत्व येतेच असे नाही. पण दोन्ही गोष्टी लाजेपोटी वर्षानुवर्षे लपवल्या जातात. जननमार्गातील जुने जंतुसंसर्गही याच मालिकेतले, कारण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी शस्त्र म्हणून हीच चंचल रसायने सोडतात आणि शेजारचे शुक्राणू त्यात होरपळतात.

सिकलसेलचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. हा आनुवंशिक आजार विदर्भातील आदिवासी आणि काही बिगर-आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात रक्तपेशी तुटत राहतात आणि सबंध शरीरावर ऑक्सिडीकरणाचा ताण असतो. या रुग्णांत शुक्राणूंची प्रत अनेकदा कमी असते. त्यांना दिले जाणारे हायड्रॉक्सियुरिया हे अत्यंत उपयुक्त औषधही शुक्राणूंची संख्या घटवू शकते. म्हणून ते मनाने बंद करणे घातक ठरेल. अपत्याचा विचार असलेल्या रुग्णाने डॉक्टरांशी आधीच बोलून घेणे एवढाच शहाणपणाचा मार्ग.

गोळीचा भरवसा किती?

ऑक्सिडीकरणाने नुकसान होते, तर प्रतिऑक्सिडीकारकांची गोळी घेतली की प्रश्न सुटेल, हे तर्कशास्त्र मोहक आहे. याच तर्कावर क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, जस्त, एल-कार्निटिन, को-एन्झाइम क्यू टेन, लायकोपिन यांच्या मिश्रणाच्या गोळ्यांची मोठी बाजारपेठ उभी आहे.

सुरुवातीचा पुरावा आशादायक होता. अमेरिकेत 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण नेटक्या प्रयोगात काही पुरुषांच्या आहारातील क जीवनसत्त्व दिवसाला 250 मिलिग्रॅमवरून 5 मिलिग्रॅमवर आणण्यात आले. त्यांच्या वीर्यद्रवातील या जीवनसत्त्वाचे प्रमाण निम्म्यावर आले आणि शुक्राणूंच्या डीएनएवरील ऑक्सिडीकरणाचे डाग 91 टक्क्यांनी वाढले. पुन्हा 60 किंवा 250 मिलिग्रॅम दिल्यावर हे डाग घटले. बारकाईने वाचले तर या प्रयोगात भलीमोठी मात्रा कोठेच नाही. कमतरता घातक आहे आणि ती भरून काढणे पुरेसे आहे, एवढेच तो सांगतो.

पुढच्या, मोठ्या चाचण्यांनी उत्साहावर पाणी टाकले. 2020 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत 2,370 जोडप्यांतील पुरुषांना सहा महिने फॉलिक आम्ल आणि जस्त किंवा तशीच दिसणारी निष्प्रभ गोळी देण्यात आली. जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत 34 टक्के आणि न घेणाऱ्यांत 35 टक्के होते. शुक्राणूंतील तुटलेल्या डीएनएचे प्रमाण तर गोळी घेणाऱ्यांत किंचित अधिकच निघाले. त्याच वर्षी सुमारे पावणेदोनशे पुरुषांवरील आणखी एका चाचणीत सात घटकांच्या मिश्रणानेही शुक्राणूंच्या प्रतीत फरक पडला नाही. जगभरच्या चाचण्यांचे परीक्षण करणाऱ्या ‘कोक्रेन’ने 2022 मध्ये 90 चाचण्या आणि दहा हजारांहून अधिक पुरुष यांची माहिती एकत्र करून पाहिली. या गोळ्यांनी अपत्यजन्माची शक्यता कदाचित थोडी वाढत असेल, असे त्यात दिसले. मात्र सदोष पद्धतीच्या चाचण्या वगळल्यावर तो लाभ स्पष्टपणे उरला नाही. आपल्याकडे अश्वगंधेचा बोलबाला आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात 90 दिवसांत शुक्राणूंच्या संख्येत भरघोस वाढ दिसली होती, पण त्यात अवघे 46 पुरुष होते. एवढ्यावर छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

गोळ्या फसण्याचे एक संभाव्य कारण साधे आहे: ज्यांच्या शुक्राणूंवर मुळात हा ताण नव्हता, अशांनाही त्या दिल्या गेल्या. ताण मोजून मगच उपचार करावा, असा विचार आता बळावत आहे. क्लीव्हलँड क्लिनिकमधील अशोक अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये अशा रुग्णांसाठी स्वतंत्र निदाननामच सुचवले. पण मोजण्याच्या चाचण्या अजून सर्वमान्य झालेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या प्रयोगशाळा-पुस्तिकेत त्या प्रगत, म्हणजे विशेष प्रसंगी करावयाच्या चाचण्यांत आहेत. तोवर दुकानातून आणलेल्या जास्त मात्रेच्या गोळ्या हा अंधारातला तीर. बचावाचा अतिरेकही शुक्राणूच्या कामात अडथळा आणतो, हे वर आलेच आहे.

आहाराची गोष्ट वेगळी. साठ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व एका पेरूतून किंवा एका आवळ्यातून सहज मिळते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, तेव्हापासून येथल्या जंगलाची चर्चा बांबूच्या निमित्ताने देशभर झाली. त्याच जंगलपट्ट्यात आवळाही मिळतो आणि तो वाळवूनही ठेवला जातो. वाळवताना क जीवनसत्त्व काहीसे घटते, पण हंगाम सरल्यावर तोही कामी येतो. टोमॅटो, हिरव्या भाज्या, शेंगदाणे, तीळ, जवसाची चटणी, कधी मासळी, एवढ्यात बहुतेक घटक येतात. मोहाच्या फुलांची भाकरी आणि मोहाची दारू यांत मात्र गल्लत नको. नियमित मद्यपान हे ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवणारेच आहे. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी असली तरी हे सांगावे लागते.

तपासणीची वाट

या साऱ्याच्या आधी यायला हवी ती वीर्यतपासणी. स्त्रीच्या कोणत्याही तपासणीपेक्षा ती स्वस्त, सोपी आणि वेदनारहित आहे. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू, त्यांपैकी 30 टक्के पुढे सरकणारे आणि 4 टक्के सुघड आकाराचे, या खालच्या मर्यादा मानल्या जातात. अपत्य झालेल्या पुरुषांतील सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवरून या मर्यादा काढल्या आहेत. त्याहून कमी आकडा म्हणजे वंध्यत्वाचा शिक्का नव्हे आणि अधिक आकडा म्हणजे हमीही नव्हे. एका अहवालावर निर्णय न घेता दुसरा करावा.

तपासणीला लागते काय? सूक्ष्मदर्शक, मोजणीची काच आणि शिकलेला हात. मलेरियाच्या काचपट्ट्या ज्या सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे वाचल्या गेल्या, तोच येथे चालतो. शिकलेल्या हाताचा प्रश्न मोठा आहे आणि अंतराचा त्याहून मोठा. नमुना शरीराच्या तापमानाच्या आसपास ठेवून तासाभरात तपासावा लागतो. धानोऱ्याहून गडचिरोली पस्तीसएक किलोमीटर, तेथून नागपूर आणखी सुमारे 170 किलोमीटर. रक्ताचा नमुना बाटलीत घालून पाठवता येतो, हा पाठवता येत नाही. पुरुषाला स्वतः जावे लागते, एक दिवसाची मजुरी सोडून, आणि बहुतेक वेळा कोणाला न सांगता. धानाची रोवणी आटोपल्यावर किंवा तेंदूचा हंगाम संपल्यावर जाणारे जातात. खर्रा त्याआधी किमान तीन महिने सुटलेला असला, तर मिळणारा अहवाल तंबाखूच्या छायेतून बाहेर पडलेल्या शुक्राणूंचा असेल.